हर्नियाचे ऑपरेशन : दुर्बीण जरूर मागा, पण वेळ दवडू नका



आमच्या वस्तीत भाजी मार्केटात हमाली करणारे एक दादा होते. जांघेतली गाठ त्यांनी तीन वर्षे लपवली. आधी लाजेपोटी, मग पैशांपायी. एका खासगी दवाखान्यात त्यांना सांगितले होते, "दुर्बिणीतून करा, मोठा चिरा नाही, दुसऱ्या दिवशी घरी. सत्तर हजार लागतील." सरकारी रुग्णालयात चिरा देऊन होणारे ऑपरेशन म्हणजे जुनी पद्धत, असे त्यांच्या मनाने घेतले. पैसे साठवता साठवता पोरीचे लग्न आले, पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलावे लागले. गाठ वाढत गेली, दुखू लागली. एका रात्री ती दगडासारखी कडक झाली आणि उलट्या सुरू झाल्या. पहाटे ऑपरेशनला घेतले तेव्हा अडकलेले आतडे काळे पडले होते. तेवढा भाग कापून काढावा लागला. दादा वाचले, पण पुन्हा पोते काही त्यांच्या पाठीवर चढले नाही. आता मार्केटाच्या कोपऱ्यात बसून लसूण सोलतात.

मी तेव्हा त्या वॉर्डात नर्स होते. "ताई, दुर्बिणीचे पैसे जमले असते तर असं झालं नसतं," असे ते म्हणाले. मी म्हटले, "दादा, तीन वर्षांपूर्वी साधं ऑपरेशन झालं असतं, तरी आज तुम्ही पोतं उचलत असता."

ही गोष्ट मला अजून टोचते, म्हणून आज हर्नियावर लिहिते आहे.

आपल्या पोटाची भिंत स्नायूंच्या थरांची असते. तिच्यात कुठे कमजोर जागा पडली की आतली चरबी किंवा आतडे तिथून बाहेर डोकावते. सायकलच्या टायरला चीर गेली की आतली ट्यूब फुगून बाहेर येते, तसेच. ही गाठ जांघेत येते, बेंबीपाशी येते, किंवा जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांवर येते. खोकताना, ओझे उचलताना ती फुगते आणि आडवे पडले की आत जाते. जुना खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला कुंथावे लागणे यांनी ती वाढते. जांघेतला हर्निया तर आयुष्यात साधारण चार पुरुषांपैकी एकाला होतो. तो गुप्तरोग नाही, मर्दानगीशी त्याचा संबंध नाही आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. बायकांनाही होतो. सिझेरियनच्या टाक्यांवर आलेला फुगवटा पदराखाली झाकून वर्षानुवर्षे धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी बहिणी मी पाहिल्या आहेत.

मोठ्या माणसाचा हर्निया गोळीने, तेल चोळून किंवा पट्टा बांधून बरा होत नाही. भिंतीतली जागा शिवूनच बंद करावी लागते, बहुतेक वेळा वर जाळी लावून. तान्ह्या बाळाच्या बेंबीचा फुगवटा मात्र बहुधा चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आपोआप बसतो. त्यावर नाणे बांधू नका, कातडी चिघळते. पण बाळाच्या जांघेत गाठ दिसली तर थांबू नका, तिला ऑपरेशन लागते आणि तेही लवकर.

आता दुर्बिणीबद्दल. चिऱ्याच्या ऑपरेशनात जांघेवर चार-पाच बोटांचा छेद घेऊन बाहेरच्या बाजूने जाळी लावतात. ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेत डॉ. लिक्टेनस्टाइन यांनी रूढ केली आणि आजही जगभर चालते. तेवढाच भाग बधिर करून किंवा पाठीत सुई देऊन ती करता येते. दुर्बिणीचे ऑपरेशन १९९०च्या दशकात पुढे आले. त्यात बेंबीजवळ एक आणि खाली दोन अशी साधारण तीन छोटी छिद्रे पाडतात, कार्बन डायऑक्साइड वायूने जागा फुगवतात आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी भिंतीच्या आतल्या बाजूने बसवतात. ठिगळ आतून असल्यामुळे पोटातला दाबच त्याला भिंतीशी धरून ठेवतो. यासाठी बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते.

दुर्बिणीचा फायदा खरा आहे. जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००३ साली दाखवले की दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर माणूस रोजच्या कामाला सरासरी सात दिवस आधी लागतो, आणि पुढे राहणारे दुखणेही कमी असते. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्याला सात दिवस म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. पोटावरच्या मोठ्या हर्नियात दुर्बिणीने जखम चिघळण्याचे प्रमाणही कमी होते. मधुमेही आणि वजन जास्त असलेल्या रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. त्याच तपासणीत दिसले की आतडे किंवा रक्तवाहिनी दुखावण्याचा धोका फार कमी असला, तरी दुर्बिणीत तो चिऱ्यापेक्षा जास्त आहे. २००४ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या आत हर्निया परत येण्याचे प्रमाण दुर्बिणीत शंभरात सुमारे दहा, तर चिऱ्यात सुमारे पाच होते. ज्या सर्जननी अडीचशेहून जास्त दुर्बिणीची ऑपरेशने केली होती, त्यांच्या हातून मात्र ते खूप कमी झाले. यंत्र नवे असून भागत नाही, हात सरावलेला लागतो.

२०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, चिऱ्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा आला असेल किंवा स्त्रीच्या जांघेत असेल, तर दुर्बीण बरी. पुरुषाला एकाच बाजूला, पहिल्यांदाच झाला असेल, तर सरावलेला सर्जन आणि साधने असल्यास दुर्बीण उत्तम. नसल्यास जाळी लावून केलेले चिऱ्याचे ऑपरेशनही चांगलेच आहे. ज्याला पूर्ण भूल झेपत नाही, त्याला चिऱ्याचेच करावे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे. केवळ दुर्बिणीसाठी मंगळसूत्र गहाण टाकू नका, बचत गटाचे किंवा सावकाराचे कर्ज काढू नका. सात दिवसांची मजुरी वाचवायला दोन वर्षांचे हप्ते अंगावर घेणे हा आपल्यासारख्यांच्या फायद्याचा हिशेब नाही. सरकारी रुग्णालयातले वेळेवरचे ऑपरेशन कमी दर्जाचे नसते.

मग दुर्बीण फक्त पैसेवाल्यांसाठी का? मुळीच नाही. बहिणींनो, आठवून बघा. १९७०च्या दशकापासून या देशात कुटुंब नियोजनाच्या शिबिरांमध्ये दुर्बीण गावोगाव पोहोचली. आपल्या आई-मावशींची ऑपरेशने एकेका दिवसात रांगा लावून झाली. सरकारला हवे होते तेव्हा दुर्बीण गरिबाच्या पोटापर्यंत आली. ते यंत्र साधे होते हे मी जाणते. हर्नियासाठी कॅमेरा, पडदा, पूर्ण भूल देणारा डॉक्टर आणि शिकलेला सर्जन लागतो. पण जिल्हा रुग्णालयात हे सगळे उभे करणे अशक्य नाही. ज्याला ओझे उचलून जगायचे आहे, त्यालाच त्या सात दिवसांची सर्वांत जास्त गरज आहे.

खर्चाचे कारण सांगणाऱ्यांना धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे नाव सांगा. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि २००३ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे आफ्रिकेतल्या युगांडात अशाच स्वस्त जाळीची विकत मिळणाऱ्या जाळीशी तुलना झाली. २०१६ साली निष्कर्ष आला : वर्षभरानंतर दोन्हींचे निकाल जवळपास सारखेच. (घरची मच्छरदाणी कोणी कापू नका, हे काम डॉक्टरांचे आहे!) गरिबाचा विचार करणारा सर्जन तालुक्याच्या गावातूनही जगाला वाट दाखवतो.

आता करायचे काय?

गाठ दिसली की सर्जनला दाखवा. पुरुषाच्या जांघेतली गाठ अजिबात दुखत नसेल, तर डॉक्टरांच्या नजरेखाली काही काळ थांबता येते. पण अमेरिकेत अशा थांबलेल्या पुरुषांचा पाठपुरावा केला, तेव्हा दहा वर्षांत शंभरातले सुमारे अडुसष्ट जण शेवटी ऑपरेशनला आलेच. दुखायला लागली की थांबू नका. बायकांनी जांघेतली गाठ मुळीच अंगावर काढू नये, त्यांच्यात आतडे अडकण्याचा धोका जास्त असतो.

डॉक्टरांना न घाबरता विचारा. हर्निया एका बाजूला आहे की दोन्ही? चिरा की दुर्बीण, आणि माझ्यासाठी तेच का? तुम्ही अशी किती ऑपरेशने केली आहेत? भूल कोणती देणार? जाळीचा खर्च कोणाचा? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन याच रुग्णालयात बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. जड ओझे पुन्हा कधी उचलायचे हेही आधीच विचारून घ्या आणि मुकादमाला तसे सांगून ठेवा.

गाठ कडक झाली, आत जाईना, जोरात दुखू लागली, उलट्या होऊ लागल्या, गॅस किंवा संडास बंद झाली, तर रात्र असो की पहाट, १०८ नंबरला फोन करून रुग्णालय गाठा. गाठ जोराने आत ढकलू नका, चोळू नका, काही खाऊ-पिऊ घालू नका.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करायचे. पुढच्या महिला मंडळाच्या बैठकीत एक अर्ज लिहा : आमच्या जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीतून हर्नियाचे ऑपरेशन होते का, होत नसेल तर कधीपासून होईल? खाली सह्या घ्या आणि रुग्ण कल्याण समितीकडे देऊन पोच घ्या. उत्तर येईपर्यंत मात्र गाठ घेऊन घरी बसू नका. जे ऑपरेशन आज मिळते आहे, ते करून घ्या.