मोबाईलवर मन मोकळं करायचं, पण कुठं बसून?

विश्रामबागच्या वस्तीत एका ताईंनी विचारलं, "सिस्टर, मोबाईलवरच्या समुपदेशनानं बरं वाटतं का?"

वाटतं. काळजी, उदासी सरत नसेल तर जरूर करून बघा. गाडीभाडं आणि कामाचा खाडा वाचतो. २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

पण एका खोलीच्या घरात सगळे ऐकत असताना खरं बोलणार कसं? म्हणून माझं मत, विहारातली एक खोली दुपारी यासाठी मोकळी ठेवावी.

जातीवरून झालेला अपमान ऐकून "मनावर घेऊ नका" म्हणणारा समुपदेशक बदला. जीव द्यावासा वाटत असेल, भास होत असतील, तर नुसत्या फोनवर विसंबू नका. सोबत कुणाला घेऊन लगेच सांगलीचं सिव्हिल गाठा.

जयभीम.