दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या, पण अक्षरं का बिघडली?

तुमच्या गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या जरा नीट वाचून बघा. कुठे वेलांटी भलत्याच जागी, कुठे अर्ध्या अक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर, कुठे नाव ताणून रुंद केलेलं. हे असं का होतं?

कायदा काय सांगतो?

२०२२ च्या कायदा दुरुस्तीनुसार राज्यातल्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बनवणाऱ्यांकडे कामाची रीघ लागली.

पण कायदा अक्षराचा आकार मोजतो. ते अक्षर बरोबर आहे का, हे कोणी तपासत नाही.

आधी हे कोण बघायचं?

पेंटर. पत्र्यावर दोरीने रेघ मारायची, खडूने अक्षरं आखायची, मग ऑइल पेंट आणि ब्रश. ‘क्ष’ला किती जागा लागते, उकार खालच्या ओळीला टेकणार नाही ना, हे तो आखतानाच ठरवायचा. हे शिकायला उस्तादाच्या हाताखाली काही वर्षं जायची.

कॉम्प्युटरने काय बदललं?

१९८० च्या दशकात अमेरिकेत व्हिनाइलची अक्षरं कापणारी कॉम्प्युटर यंत्रं आली. पुढे आपल्याकडे फ्लेक्स प्रिंटिंग आलं आणि दिवसांचं काम तासांवर आलं.

फायदाही झाला. दहा शाखांवर अगदी एकसारखा लोगो, आधी स्क्रीनवर नमुना, मग ऑर्डर. लेझरने कापलेलं अ‍ॅक्रिलिक, आतले एलईडी, वायरिंग ही नवी कौशल्यं आली. हाताला वळण नसलेल्यालाही हा धंदा खुला झाला.

पण पेंटर एकाच वेळी दोन कामं करत होता: अक्षर काढणं आणि अक्षर पारखणं. पहिलं यंत्राने घेतलं. दुसरं कोणाकडेच राहिलं नाही.

चूक नेमकी कुठे होते?

- ‘क्लिनिक’ टाइप करताना वेलांटी अक्षरानंतर येते, दिसायला मात्र आधी हवी. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू नसेल, तर ती मागेच राहते. रफार आणि जोडाक्षरंही तशीच फुटतात.
- युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला, की निरर्थक चिन्हं दिसतात.
- जागा भरायला नाव आडवं ताणलं, की उभ्या रेघा जाड होतात आणि शिरोरेषा तेवढीच बारीक राहते.

ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे. पण फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर ठरतो. अक्षर सुधारण्यात घालवलेल्या अर्ध्या तासाचे पैसे त्याला कोण देतं?

म्हणजे पुन्हा ब्रशच हवा?

तसं नाही. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी स्वतः कॅलिग्राफर होते. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. कॉम्प्युटरवर चांगलं अक्षर शक्य आहे. फक्त ते बघणारा डोळा हवा आणि त्या डोळ्याला दाम हवा.

पाटी करून घेताय?

मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. छपाईआधी नमुना मागवा आणि मोठ्याने वाचा. नाव मावत नसेल तर ताणायला किंवा दाबायला सांगू नका, दुसरा फॉन्ट मागा. जमलं तर गावातल्या जुन्या पेंटरला एकदा नमुना दाखवा आणि त्याचे पैसे द्या.

पाटी पुढची अनेक वर्षं तिथेच राहणार आहे. आणि शाळेत जाणारी पोरं रोज तीच वाचत जाणार आहेत.