कर्जाच्या कज्जात वकील कुठे आहे?



पोटगीसाठी वकील लागते, हे आपल्या गटांना पटले आहे. कर्जासाठीही लागते, हे अजून नाही. कर्ज बाईच्या नावावर, पैसा घरात खर्च आणि हप्ता चुकला की बोलणी तिनेच खायची; मुकुंदवाडी असो की वाळूज.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी एक तरतूद आहे : स्वतःचे घर नसेल, मिळकत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत असेल, तर त्यातून सुटका. ती लागूच झाली नाही. २०१९ मध्ये लागू झाले ते कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरते. कारखानदाराला वाट, भाजीवालीला भिंत!

तरी हातात काही आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही. ग्राहक आयोगात वकिलाविनाही बाजू मांडता येते. पण नोटीस वाचणार कोण?

या कामात फी नाही, नावही नाही. म्हणून तरुण वकील मैत्रिणी इकडे फिरकत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मिळकत न पाहता प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो. पुढच्या बैठकीला येताना वस्तीतल्या नोटिसा गोळा करून आणा. त्या घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊ.