पाठभेद आणि तबकडी

जुन्या यांत्रिक घड्याळांच्या शौकिनांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्दप्रयोग शिवीसारखा वापरला जातो. जुने यंत्र, पुन्हा रंगवलेली तबकडी आणि कुठले तरी काटे यांच्या जुळवाजुळवीतून उभे राहिलेले घड्याळ, असा त्याचा अर्थ. त्यातील तुच्छतेचा रोख असतो कारागिरावर. माझा आक्षेप या रोखालाच आहे.

एच.एम.टी.चे ‘जनता’ घ्या. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ मध्ये एच.एम.टी.ची घड्याळे बनू लागली. २०१६ मध्ये सरकारने तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. ‘जनता’ म्हणजे रोज चावी द्यायचे, १७ ज्वेलचे, तासाला १८,००० ठोके देणारे साधे यंत्र. ते आजही चालते, कारण एका बंद घड्याळाचे चाक दुसऱ्यात बसवणारा माणूस गल्लीत बसलेला आहे. तुटलेली स्प्रिंग बदलावीच लागते, वाळलेले तेल धुवावेच लागते. यात फसवणूक कसली?

तबकडीचे मात्र तसे नाही. पिवळी पडलेली, कडेला डाग धरलेली तबकडी हा त्या वस्तूचा मूळ पाठ. ती खरवडून नव्याने छापली की अक्षरे जाड होतात, मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांपासून सरकतात, आणि कारखान्याने कधी न काढलेला रंग ‘दुर्मिळ’ म्हणून विकला जातो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना यातला दोष सांगायला नको. एकनाथांनीही ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पण शके १५०६ अशी काळाची नोंद करून, उघडपणे. बदल करणे वेगळे आणि बदल झालाच नाही असे भासवणे वेगळे.

पण हे भासवणे मागतो कोण? शौकीनच! त्याला घड्याळ जुने हवे आणि चेहरा कोरा हवा. डागाळलेली तबकडी तो छायाचित्र पाहूनच नाकारतो, चकचकीत तबकडीला पैसे मोजतो, आणि पुढे फसलो म्हणून कारागिराला नावे ठेवतो. (रंगवलेली तबकडी ‘रंगवलेली’ असे लिहून विकावी, ही मागणी रास्तच आहे, ती विक्रेत्याकडे करावी.) आणि या शुद्धतावाद्यांची दुटप्पी दृष्टी पाहा. रोलेक्सची काळी तबकडी उन्हाने तपकिरी झाली की तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि लिलावात तिचा भाव चढतो. ‘जनता’वर तोच तपकिरी रंग चढला, की ती ‘खराब’.