खुळखुळ्याचा सोबती

दिवाळीच्या सुटीत वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला गेलात, तर गवतातून पावलागणिक एखादे पांढरे, चिमुकले पाखरू उठेल, चार हात उडेल आणि पुन्हा काडीवर बसेल. मुले म्हणतील, "फुलपाखरू!" पण तो आहे पतंग. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. याच्या मिशा दोऱ्यासारख्या, आणि बसताना तो पंख अंगाभोवती शालीसारखे लपेटून घेतो. पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके. लिनीअसने १७५८ साली त्याला 'पुल्केला', म्हणजे 'गोजिरवाणा', हे नाव दिले. त्याची शास्त्रीय प्रजाती (जीनस) 'युटेथाइसा'.

बहुतेक पतंग दिवसा दडून बसतात. मग हाच एवढा बिनधास्त का? उत्तर शेजारच्या खुळखुळ्यात आहे. हे पिवळ्या फुलांचे झाड टेकडीवर उगवते, तसेच कोकणच्या पुळणीवरही. त्याच्या पानांत व बियांत विष असते. पतंगाची सुरवंटे तेच खातात आणि विष अंगात साठवतात. मग त्यांच्या वाटेला कोण जाणार?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टॉमस आयस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पतंगाच्या एका भाऊबंदाचा अभ्यास केला. तो जाळ्यात अडकला, की कोळी स्वतःच धागे तोडून त्याला सोडून देतो! बिनविषारी अन्नावर वाढवलेल्याला मात्र खाऊन टाकतो. त्याहून मौज पुढेच आहे. मीलनाच्या वेळी नर आपल्या विषाचा वाटा मादीला देतो आणि मादी तो अंड्यांत उतरवते. आपल्याकडे स्त्रीधन माहेरून येते. इथे ते नवरदेव आणतो, आणि त्यावर पोरांचे रक्षण होते.

हा सारा संसार एका रानटी झाडावर उभा आहे. पुण्याच्या टेकड्यांवर हिरवाईसाठी गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. हेतू चांगलाच होता. पण दाट सावलीत उन्हाची आवड असलेले गवत आणि खुळखुळा तग धरत नाहीत. उघडे माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे.

तेव्हा यंदा टेकडीवर मुलांना खुळखुळ्याची वाळलेली शेंग कानाशी वाजवू द्या. बिया तोंडात घालू देऊ नका, आणि तण म्हणून झाड उपटू नका.