टिप गिऱ्हाइकाची, पगार मालकाचा

राजापूरच्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आमचं हॉटेल आहे. भटारखाना नवरा बघतो, गल्ल्यावर मी बसते. सकाळी उसळ-पाव, घावणे, कांदाभजी. दुपारी मासळीची थाळी. एवढाच पसारा. टिपेबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक गिऱ्हाइकाच्या बाजूचं असतं. किती ठेवावी, ठेवावी की नाही, बिलात लावलेला सर्व्हिस चार्ज भरावा का. मला गल्ल्याच्या बाजूने बोलायचं आहे, आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांना कदाचित आवडणार नाही असं बोलायचं आहे. वेटरला टिप मिळते म्हणून त्याचा पगार कमी ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो गिऱ्हाईक करत नाही. तो आपण मालक करतो.

नवा पोरगा कामाला आला की बोलणं ठरलेलं असतं. राहणं-जेवण आमच्याकडे, पगार इतका, आणि वर टिप मिळतेच. हे शेवटचं वाक्य आपण फार सहज बोलून जातो. पण त्या एका वाक्यावर मालक दरमहा चांगली रक्कम वाचवतो. जे त्याने द्यायचं ते कुणा अनोळखी प्रवाशाच्या मर्जीवर सोडून देतो.

ती मर्जी आमच्या गावात कशी चालते ते सांगते. मे महिन्यात आंब्याच्या दिवसांत आणि गणपतीला चाकरमानी आला की बडीशेपेच्या बशीत नोटा पडतात. शिमग्याला थोड्या कमी. जवळच्या उन्हाळे गावात गंगा आली, म्हणजे जमिनीतले झरे वाहू लागले, की तिथल्या चौदा कुंडांवर अंघोळ करून परतणारे भाविक सढळ हाताने देतात. पण गंगा येणार साधारण तीन वर्षांनी, आणि नेमकी कधी ते कुणी सांगू शकत नाही. मग जुलै उजाडतो. अर्जुना नदीचं पाणी जवाहर चौकात चढतं, दुकानदार माल वरच्या फळीवर हलवतात, बाजारात माणूस दिसत नाही. त्या दिवसांत बशीत काय पडणार? वेटर तोच, कष्ट तेच. उलट ओल्या फरशीवरचा चिखल पुसून पुसून काम वाढलेलं असतं. त्याच्या गावी पैसे मात्र दर महिन्याला पाठवायचे असतात. म्हणून आमच्या धंद्यातली पोरं पावसाळ्यात उचल मागतात, गणपतीत ती फेडतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मागतात. आपण म्हणतो, यांना पैसा टिकवता येत नाही. जो पैसा भरवशाचा नाही तो कुणी कसा टिकवायचा?

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. पगार टिपेवर टेकला की वेटरची नजर बदलते. मुंबईच्या नंबरची गाडी दारात लागली की फडका खांद्यावर टाकून तो तिकडे धावतो, आणि खारेपाटणची गाडी पकडायची म्हणून घाईघाईने एक चहा मागणारी म्हातारी बसून राहते. मी हे आमच्याकडे पाहिलं आहे, महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांतही पाहिलं आहे. पोरगा वाईट नसतो. त्याला आपणच शिकवलेलं असतं की तुझी भाकरी त्या गाडीवाल्याकडे आहे. त्यातून बिलाच्या टक्क्यांनी टिप द्यायची पद्धत आता शहरांतून इकडेही येऊ लागली आहे. सुरमईची थाळी आणि उसळ-पाव, दोन्ही आणून ठेवायला तेवढीच पावलं चालावी लागतात. पाण्याचा ग्लास तेवढाच भरायचा असतो. मग एका टेबलाला माणूस जास्त मोलाचा आणि दुसऱ्याला कमी, हे कुठलं माप?

आणि मोरीवरची बाई? पहाटे येते, हंडे-पातेली घासते, मासळीची घाण काढते. गिऱ्हाईक तिला कधी पाहतच नाही. ताट स्वच्छ होतं म्हणून जेवणारा खूश झाला, पण नोट पडली ती ताट आणणाऱ्याच्या हातात. आमच्याकडे भांडी घासणारी एकदा मला म्हणाली, "काकी, बाहेरच्यांना सगळे बघतात, आमाला कोन बघनार?" तेव्हापासून गल्ल्याशेजारी एक कुलपाचा डबा आहे. टिप कुणालाही मिळो, ती डब्यात जाते. शनिवारी रात्री सगळ्यांसमोर डबा उघडतो आणि आचारी, वेटर, टेबल पुसणारा पोऱ्या, मोरीवरची बाई यांच्यात समान वाटतो. नवरा आणि मी त्यातलं काही घेत नाही. चुणचुणीत वेटरला हे सुरुवातीला पटलं नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की गोड बोललो मी, वाटा सगळ्यांना का. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. म्हणून चांगल्या कामाची वाढ पगारात द्यायची, ती माझी जबाबदारी. डब्यातून नव्हे.

कायदा याबाबतीत कुठे आहे तेही पाहू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही, आणि भरला नाही म्हणून कुणाला अडवायचं नाही. हॉटेलमालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. संघटनांनी पुढे अपील केलं. मालक असूनही मला हा निकाल पटतो. जो पैसा सक्तीने घेतला ती टिप नव्हेच, ती दरवाढ आहे. दरवाढ करायची तर मेनूकार्डावर उघडपणे करावी.

त्याआधी २०१६ साली एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या आयकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कार्डावरून आलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नाही. ती गिऱ्हाइकाकडून आलेली असते आणि मालक ती कामगारांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळतो. हा खटला कराचा असला तरी त्यातली गोष्ट प्रत्येक गल्ल्यावर लावण्यासारखी आहे. टिप पगार नाही, मग पगार ठरवताना ती हिशेबात धरायची कशी? राज्य सरकार हॉटेल कामगारांचं किमान वेतन ठरवतं. ते द्यायचं मालकाने, बशीने नव्हे.

अमेरिकेत नेमकी उलटी वाट धरली गेली. तिथल्या केंद्रीय कायद्याने टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. टिप कमी पडली तर मालकाने भर घालायची असते, पण मागायची हिंमत कामगाराला हवी. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०२४ पासून नवा कायदा लागू केला: गिऱ्हाइकाने ठेवलेली सगळी टिप कामगारांपर्यंत गेली पाहिजे, मालकाला त्यातलं काही ठेवता येत नाही.

आपल्याकडे याची गरज आता जास्त आहे, कारण सुटे पैसे हातातून गेले. चहासुद्धा मोबाइलवरून स्कॅन करून घेतला जातो. दोनशे ऐंशीचं बिल झालं की भला माणूस तीनशे पाठवतो आणि जाता जाता पोराला सांगतो, वरचे तुझे. ते वीस रुपये येतात माझ्या खात्यात. संध्याकाळी हिशेबात ते वेगळे काढले नाहीत तर मी चोरीच केली, दुसरा शब्द नाही. म्हणून मी गल्ल्यावर वही ठेवली आहे. वरचे पैसे आले की तिथल्या तिथे लिहायचे आणि तेवढी रोकड डब्यात टाकायची.

ओळखीचे हॉटेलवाले विचारतात, पगार वाढवून परवडतं का? सहज नाही परवडत. गॅस, तेल, मासळी, सगळंच महाग झालं आहे. आम्ही थाळीमागे दहा रुपये वाढवले. स्टँडवरची रोजची काही गिऱ्हाइकं कुरकुरली, एक-दोघं दुसरीकडे गेली. पण गेल्या पावसाळ्यात बाजारात पाणी असताना आमच्याकडच्या कुणाला उचल मागावी लागली नाही. श्रावणात धंदा मंद असतो, मालकांना बसायला वेळ असतो. तालुक्यातल्या हॉटेलवाल्यांना मी तेव्हा एकत्र बोलावणार आहे. चाकरमान्यांची गर्दी सुरू होण्याआधी निदान डबा आणि वही, एवढं प्रत्येकाने ठेवावं असा माझा आग्रह राहील. पगाराचा विषयही त्याच बैठकीत काढीन, कितीही जणांना नको असला तरी.