दवाखाना उघडा, रस्ता बंद

२४ मार्च २०२०ची रात्र आठवतेय? आपल्याला परीक्षेचं टेन्शन होतं. किन्हवलीच्या आसपासच्या पाड्यांवर तेव्हा कुणाचे तरी दिवस भरत आले असणार. लॉकडाऊनमध्ये सरकारी दवाखाने सुरूच होते. थांबली ती एसटी आणि शेअर जीप. बाळंतपण अडलं की इथून शहापूर, तिथून ठाणं. आणि ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल कोविडसाठी राखीव झालेलं. १०८ला फोन लावा म्हणणं सोपं, पाड्यावर रेंज तर हवी!

अशा वेळी काय होतं, ते नेपाळमधल्या नऊ हॉस्पिटलांच्या अभ्यासात दिसतं. तिथे लॉकडाऊनमध्ये हॉस्पिटलातली बाळंतपणं निम्म्यावर आली. नवजात बाळांचे मृत्यू मात्र हजारी १३ वरून ४० वर गेले. विचित्र म्हणजे कर्मचाऱ्यांचं हात धुणं वाढलं होतं, बाळाला लगेच आईच्या अंगाशी ठेवणंही. कमी झालं ते कळा सुरू असताना बाळाचे ठोके तपासणं. मला यातून एवढंच दिसतं, की बऱ्याच जणी पोचल्याच नाहीत, आणि पोचल्या त्यांतल्या अनेकींना उशीर झाला असावा.

पुढच्या वेळी अत्यावश्यक सेवांची यादी निघेल, तेव्हा गरोदर बाईला नेणारी जीप तिच्यात आहे का? तुमच्या ग्रामसभेत आत्ताच विचारा.